खाज कुत्र्याला, पथ्य घराला

पेण असो की रोहा, सकाळी सातच्या सुमाराला एखाद्या जुन्या आळीतून चालत गेलं की हे दृश्य सहसा चुकत नाही. ओट्यावर मालक चहाचा कप घेऊन बसलेला, पायाशी बदामी रंगाचा लॅब्रेडॉर. मालक ग्लुकोज बिस्कीट चहात बुडवतो, अर्धं स्वतः खातो, अर्धं खाली धरतो. कुत्रं ते गिळतं आणि पुन्हा आपल्या कामाला लागतं. काम म्हणजे पुढचा पंजा चाटणं. बोटांच्या बेचक्यातले केस चाटून चाटून विटकरी झालेले असतात. लाळेतल्या रंगद्रव्याचा तो डाग, उडत चाललेल्या मेंदीसारखा. मग मागच्या पायाने कान खाजवणं, मग पोट लादीवर घासणं. "गोचीड असेल," मालक म्हणतो आणि दुसरं बिस्कीट काढतो.

गोचीड असूही शकेल. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या रायगडात कुत्र्याच्या अंगावर काय काय वस्तीला येतं याची यादी मोठी आहे: गोचीड, पिसवा, लूत, नायटा आणि दमट हवेत कानात, काखेत माजणारी बुरशी. खाजवणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत पहिला संशय याच मंडळींवर घ्यायला हवा, आणि तो फिटेपर्यंत आहाराचं नाव काढू नये. एका पिसवेच्या चाव्यानेही काही कुत्र्यांची पाठ आठवडाभर पेटते. लूत लागलेल्या कुत्र्याला गॅरेजमधलं जळकं काळं ऑइल फासण्याची जुनी खोडही अजून गेलेली नाही. कुत्रं ते चाटतं, ते पोटात जातं, आणि लूत राहते बाजूला.

पण गोचिडीची औषधं झाली, लुतीसाठी कातडी खरवडून तपासून झाली, शांपू झाले, तरी खाज बारा महिने तशीच राहिली तर पुढचा प्रश्न कातडीला नाही, ताटाला विचारायचा असतो. अन्नाची अॅलर्जी ऋतू पाहत नाही. ती बरेचदा कुत्रं वर्षाचं व्हायच्या आधीच सुरू होते, कान, पंजे, काखा, पोट आणि शेपटीखालचा भाग धरून बसते. काहींना दिवसातून तीन-चार वेळा शौचाला जावं लागतं. दूध प्यायल्यावर नुसते जुलाब होणं ही वेगळी गोष्ट. ते दुधातली साखर न पचल्याने होतं. अॅलर्जीत शरीर अन्नातल्या प्रथिनालाच शत्रू समजून बसतं.

सगळीच खाज अन्नाची नसते, हेही बजावून सांगायला हवं. वेगवेगळ्या अभ्यासांत खाजणाऱ्या कुत्र्यांपैकी 9 ते 40 टक्के कुत्र्यांमध्ये अन्नाचा हात सापडला आहे. हा पट्टा फार रुंद आहे, पण त्याचं खालचं टोकसुद्धा दुर्लक्ष करण्याजोगं नाही. आणि तरीही दवाखान्यात होणारी पहिली गोष्ट बहुतेकदा एकच असते: स्टेरॉइडची सुई. सुईने दोन-तीन दिवसांत कुत्रं शांत होतं, घर झोपतं. काही आठवड्यांनी खाज परत येते, पुन्हा सुई. स्टेरॉइड वाईट नाही. रक्त येईपर्यंत ओरबाडणाऱ्या जिवाला तो आधी द्यावाच लागतो. पण तीच सुई वर्षभर चालली की तहान वाढते, कुत्रं घरातच लघवी करू लागतं, वजन चढतं, कातडी पातळ होते. मूळ कारण ताटात असेल, तर एवढं सगळं एका बिस्किटापायी सोसलं जातं.

मग तपासणी करून घ्यावी ना? इथे बाजार हात पुढे करून उभाच आहे. रक्त, लाळ, केस यांवरून अन्नाची अॅलर्जी सांगू म्हणणारे संच ऑनलाइन मिळतात. 2019 मध्ये छापून आलेल्या एका अमेरिकी अभ्यासात संशोधकांनी असाच केस आणि लाळेचा संच मागवला आणि खऱ्या कुत्र्यांच्या नमुन्यांबरोबर खोटे केस आणि नुसतं सलाइनही पाठवून दिलं. त्या नमुन्यांचेही अहवाल आले, अॅलर्जीच्या याद्यांसकट. बाहुलीला गहू सोसत नाही असं सांगणाऱ्या चाचणीसाठी पैसे मोजण्यात अर्थ नाही. रक्ताच्या चाचण्याही अन्नाच्या बाबतीत भरवशाच्या नाहीत.

भरवशाची पद्धत एकच, आणि ती आपल्या घरांना नवी नाही. तिचं नाव पथ्य. कुत्र्याने आयुष्यात कधी न खाल्लेलं एक प्रथिन आणि एक पिष्टमय पदार्थ, बाकी काही नाही, आठ आठवडे. 2015 मध्ये तिघा पशुत्वचातज्ज्ञांनी आधीच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा अन्नाची अॅलर्जी असलेल्या कुत्र्यांपैकी 80 टक्क्यांहून अधिक पाच आठवड्यांत आणि 90 टक्क्यांहून अधिक आठ आठवड्यांत सुधारलेली आढळली. पंधरा दिवस करून "काही फरक नाही" म्हणणाऱ्यांसाठी हे आकडे आहेत.

त्याच तिघांनी 2016 मध्ये 297 कुत्र्यांच्या नोंदी घेऊन गुन्हेगारांची यादी मांडली. गोमांस 34 टक्के, दुधाचे पदार्थ 17, कोंबडी 15, गहू 13. सोयाबीन, मका, अंडी त्यानंतर, आणि मासे व तांदूळ जेमतेम 2 टक्क्यांवर. इंटरनेटवर ही यादी फिरते, पण तिची नीट फोड कोणी करत नाही. शरीर बिघडतं ते पुन्हा पुन्हा खाल्लेल्या गोष्टींवर. त्यामुळे ही यादी म्हणजे युरोप-अमेरिकेतल्या कुत्र्याच्या वाडग्याची सावली आहे. महाराष्ट्रात 2015 पासून बैल-वळूच्या कत्तलीलाही बंदी आहे. इथल्या कुत्र्याच्या वाडग्यात गोमांस येणार कुठून? पहिला क्रमांक खोडला की उरतात दूध, कोंबडी, गहू. म्हणजे दूध-चपाती आणि चिकनवाल्याकडचे पाय, माना. पेण-रोह्यातल्या लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्डचा हाच तर रोजचा शिधा. आणि ओट्यावरचं ग्लुकोज बिस्कीट? गव्हाचं पीठ आणि दूध पावडर एकाच चौकोनात.

पॅकेटमधलं महागडं खाणं हा इथला पहिला उपाय नव्हे, असं म्हणायला जागा आहे ती इथेच. प्रथिनाचे बारीक तुकडे केलेलं, डॉक्टरी चिठ्ठीवरचं 'हायड्रोलाइज्ड' खाद्य चांगलं असतं. तुकडे इतके लहान की शरीराला त्यांची ओळखच पटत नाही. ज्यांना परवडतं त्यांनी जरूर आणावं. पण दुकानात सरसकट मिळणाऱ्या 'लॅम्ब अँड राइस' पोत्यांत लेबलावर न लिहिलेली कोंबडी किंवा सोयाबीन निघाल्याचं परदेशातल्या तपासण्यांत वारंवार दिसलं आहे. 'ग्रेन-फ्री'चं फॅड तर सरळ दुर्लक्षावं. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं की पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यात दोन असतात, तर कुत्र्यात 4 ते 30. माणसाच्या उष्ट्यावर वाढलेला हा प्राणी भात पचवायलाच घडला आहे. धान्य वगळून कडधान्यं भरलेल्या खाद्यांचा कुत्र्यांच्या हृदयविकाराशी काही संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2018 मध्ये सुरू केली, ती वेगळीच.

तेव्हा भात. पेणमध्ये तर साधे भिजवलेले पोहेही चालतील, तेही तांदूळच. कांदेपोहे मात्र नाहीत. कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. वजनाच्या किलोमागे 15 ते 30 ग्रॅम कांदा घात करायला पुरतो, मग तो नाशिकचा लाल असो की मानांकन मिळालेला अलिबागचा पांढरा. लसूणही त्याच कुळातली. पापडाचा तुकडासुद्धा नको. मीठ आणि पापडखार तर असतोच, शिवाय मसाल्यातल्या बांधानी हिंगात बहुधा मैदा मिसळलेला असतो, हे पापड लाटणाऱ्या बायकांना पक्कं ठाऊक आहे.

आणि प्रथिन कोणतं? पुस्तकात याचं उत्तर नाही, ते घरोघर वेगळं आहे. पेणच्या ब्राह्मण आळीत दूध-चपातीवर वाढलेल्या कुत्र्याला मासा हे नवं प्रथिन. खाडीकाठच्या आगरी किंवा कोळी घरातलं कुत्रं मात्र पिल्लू असल्यापासून मांदेलीच्या डोक्यांवर वाढलेलं, त्याच्यासाठी मासा म्हणजे जुना ओळखीचा चोर. त्याला मूग-भात द्यावा, किंवा कधी मिळालं नसेल तर बोकडाचं मटण. चिकनच्या दुकानाशेजारच्या कुत्र्याचा हिशेब आणखी तिसरा. जात कुत्र्याची पाहायची नाही, घरातल्या चुलीची पाहायची. डॉक्टरला हे ठाऊक असणार नाही, घरच्या बाईला असतं. म्हणून पहिल्या भेटीत चिठ्ठीआधी एक कोरी वही उघडून या कुत्र्याने जन्मापासून काय काय खाल्लं ते लिहून घ्यावं.

मासा ठरला तर ताजा, साध्या पाण्यात उकडलेला, काटे काढलेला. जिताडा कोणी कुत्र्याला घालणार नाही, घालूही नये. तो घरच्यांनाच पुरत नाही. बाजारातले सुके बोंबील नि जवळा स्वस्त पडतात, पण मीठ फार. शिळा बांगडा तर टाळावाच. न टिकवलेल्या बांगड्यात हिस्टामिन साठतं आणि ते स्वतःच अंग खाजवायला लावतं. मग माशावर खोटा आळ येतो.

खरी अडचण स्वयंपाकाची नाहीच, माणसांची आहे. आठ आठवडे एका घराने गप्प राहायचं, हे आपल्याकडे कठीण. शेजारच्या काकूंना पाझर फुटतो: "वहिनी, बिचारा बघतोय हो, एका बिस्किटाने काय होतंय?" एका बिस्किटाने चार आठवड्यांची मेहनत वाया जाऊ शकते, होतं ते एवढंच. जंताची चघळायची गोळी मांसाच्या चवीची असते, ती बदलून घ्यावी लागते. चघळायला आणलेलं चामड्याचं हाड बंद. आणि मोकळं सुटणारं कुत्रं असेल तर हा प्रयोग सुरूच करू नये. उकिरड्यावर पथ्य नसतं.

हिवाळ्यात तर पोपटी लागते. माळावर मडकं उलटं घालून पेंढा-गोवऱ्या पेटवलेल्या, आत भांबुर्ड्याच्या पाल्यात वालाच्या शेंगा, अंडी, मसाला चोळलेली कोंबडी. उजेडाच्या कडेला, धुराच्या बाहेर, गावातली चार कुत्री पुढचे पाय पसरून बसलेली. मडकं फुटलं की हाडं त्यांच्याच दिशेने उडतात. शिजलेलं कोंबडीचं हाड टोकदार फुटतं, घशात किंवा आतड्यात रुततं. अॅलर्जी नसलेल्या कुत्र्यालाही ते देऊ नये. पण मडक्याभोवतीच्या माणसांना त्या क्षणी हे सांगून पाहा.

आठ आठवड्यांनी खाज कमी झाली तरी काम संपलेलं नसतं. जुनं ताट परत द्यायचं. खाज पुन्हा उसळली तरच अन्न दोषी. ती सहसा चौदा दिवसांच्या आत उसळते. मग एकेक पदार्थ आठवडा-दोन आठवडे देऊन चोर पकडायचा: आधी चपाती, मग दूध, मग कोंबडी. नेमकी हीच पायरी मालक गाळतात, कारण बरं झालेलं कुत्रं मुद्दाम खाजवायला कोणाचा हात धजावत नाही. त्यातून मग मासा-भात वर्षानुवर्षं चालू राहतो, आणि तो पुरा आहार नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी 2013 मध्ये घरगुती श्वान-आहाराच्या 200 पाककृती तपासल्या, त्यांतल्या 95 टक्के कृतींत किमान एक आवश्यक घटक कमी पडत होता. मोठ्या कुत्र्याला दोन महिने निभतात. पिल्लाच्या हाडांना तेवढेही निभत नाहीत, त्याला डॉक्टरच्या सल्ल्यानेच पथ्य द्यावं.

तज्ज्ञाकडे जायचं तर परळ. मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 पासूनचं, पण रोह्याहून खाजरं कुत्रं घेऊन तिथे पोचायचं म्हणजे अख्खा दिवस. तालुक्यातले सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने गायी-म्हशींसाठी उभारलेले, त्यांची धावपळ गोठ्यांमागे. तरी आठ आठवड्यांच्या पथ्याचा एक मराठी तक्ता तिथल्या भिंतीवर लावायला कुठलं अनुदान लागत नाही. काय द्यायचं, काय नाही, वहीत काय टिपायचं, एवढंच. चिकनवाल्यानेही तो लावला तर चारचौघांच्या नजरेत येईल.

आणि मुहूर्त विचाराल तर शिमग्यानंतरचा. पावसात बुरशी आणि गोचीड माजतात, मग खाज कशाची ते कळत नाही. श्रावणापासून दिवाळीपर्यंत सणांचा नैवेद्य, थंडीत पोपटी. होळी झाल्या झाल्या सुरुवात केली तर साधारण मेच्या मध्यापर्यंत आठ आठवडे भरतात आणि मृगाच्या आत चपाती परत देऊन पंजे पाहता येतात. एकच विघ्न उरतं. मे महिन्यात मुंबईहून भाचरं येतात, आणि त्यांच्या खिशात बिस्किटाचा पुडा असतोच.