परावलंबन आणि अधिकार

संगणकावर नवी आज्ञावली बसवणे आता पूर्वीइतके कष्टाचे राहिलेले नाही. लिनक्स प्रणालीत एक आज्ञा दिली की पॅकेज मॅनेजर ती आज्ञावली आणतो आणि तिचे ज्यांच्यावाचून अडते त्या इतर आज्ञावल्याही हुडकून जागच्या जागी मांडतो. कोणाचे कोणावाचून अडते, हे पॅकेज बांधणारा आधीच लिहून ठेवतो. हा गृहस्थ बहुधा पडद्याआडच राहतो. पण त्याच्या लेखणीने केवढे दरवाजे उघडतात, हे मार्च २०२४ मध्ये जगाला कळले.

‘एक्सझेड’ हे फायलींचा आकार लहान करणारे साधन. ‘ओपनएसएसएच’ ही दूरच्या यंत्रात प्रवेश देणारी सेवा. वस्तुतः दोहोंचा एकमेकांशी काही संबंध नाही. तो जोडला पॅकेज बांधणाऱ्यांनी. सेवा सुरू झाल्याची वर्दी ‘सिस्टिमडी’ला मिळावी, एवढ्या सोयीसाठी डेबियन, फेडोरा आदी वितरणांनी ओपनएसएसएचला आपल्या पदरचे ठिगळ लावले. त्यापायी सिस्टिमडीचा संग्रह आत आला आणि त्याचे बोट धरून एक्सझेडचाही. ही सेवा चालते ती ‘रूट’च्या, म्हणजे सर्वाधिकाऱ्याच्या, हक्काने. साहजिकच आत शिरलेल्या प्रत्येक पाहुण्याला तोच हक्क विनासायास लाभला.

‘जिया टान’ असे नाव सांगणाऱ्या कोणा इसमाने नेमके हे हेरले. दोन वर्षांहून अधिक काळ निमूटपणे काम करून त्याने एक्सझेडचा भार एकट्याने वाहणाऱ्या मूळ कर्त्याचा विश्वास संपादला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. त्याला चालना देणारा तुकडा सर्वांना दिसणाऱ्या भांडारात नव्हता. पॅकेज बांधणाऱ्यांच्या हाती जाणाऱ्या गाठोड्यात तेवढा होता! आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला प्रवेशास अर्धा सेकंद अधिक का लागतो, अशी शंका आली म्हणून तो उघडकीस आला. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत तो पोचला नाही, हे सुदैवच.

हा कपटाचा प्रकार, त्यात पॅकेज बांधणाऱ्यांचा काय दोष, असे कोणी म्हणेल. पण कपट नसतानाही अमर्याद अधिकार घातच करतो. २०११ साली ‘बम्बलबी’ या आज्ञावलीच्या बसवणीच्या आदेशांत एक रिकामी जागा चुकून पडली आणि ती बसवणाऱ्यांच्या यंत्रावरील ‘यूएसआर’ ही अवघी निर्देशिका पुसली गेली. ते आदेशही रूटच्याच हक्काने चालत होते. तेव्हा खरोखर लागेल तेवढेच अवलंबित्व नोंदवावे, सेवेला तिचा स्वतंत्र, तुटपुंज्या हक्कांचा वापरकर्ता द्यावा आणि बसवणीचे आदेश कमीत कमी ठेवावेत, ही अपेक्षा अवाजवी नाही. त्यासाठी लागणारा वेळ बहुतांशी विनावेतन राबणाऱ्या या मंडळींना कोण देणार, हा प्रश्न मात्र त्यांच्या श्रमांवर नफा मिळवणाऱ्या कंपन्यांनाच विचारावा लागेल.

जुलै २०२४ मध्ये आलेल्या ओपनएसएसएचच्या ९.८ या आवृत्तीत सिस्टिमडीला वर्दी देण्याची सोय कोणत्याही बाहेरच्या संग्रहाविना करण्यात आली. काम थोडक्या ओळींचे होते. ते आधीही करता आले असते.