शिडी, मोरी आणि रिटायरमेंट

आईबाबा अक्कलकोटला राहतात असं सांगितलं की हापिसातल्या लोकांचे दोनच प्रश्न असतात. पहिला, "वा, मग स्वामींचं दर्शन रोजच?" आणि दुसरा, "पण ते दोघंच तिथे दिवसभर करतात काय?"

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. घर गावाबाहेर मैंदर्गीच्या रस्त्याला आहे, त्यामुळे रोज काही जमत नाही. दुसऱ्याचं उत्तर मला स्वतःलाच नीट माहीत नव्हतं, हे मान्य करायला मला बरीच वर्षं लागली.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवायचे. अठ्ठावन्नाव्या वर्षी रिटायर झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांचं दुसरं करियर सुरू झालं. आमच्याकडची जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि तिच्यावर बांधलेल्या भिंती दर मे महिन्यात नवी भेग दाखवतात. पाया मुरुमापर्यंत नेला असेल तर ठीक, पण कंपाउंडच्या भिंतीसाठी एवढं कोण खणतं? त्यामुळे भेगा बुजवणे हा बाबांचा वार्षिक कार्यक्रम. जोडीला शेवग्याला आळं, लिंबाला खत, गेटला रंग, मोडक्या सायकलची हातगाडी. गवंडी कधीतरी येतो, काम अर्धं ठेवून "आयतु री सर" म्हणून निघून जातो. उरलेलं अर्धं बाबांचं.

सगळ्यात मोठं काम म्हणजे पाण्याचं. नळ रोज येत नाही आणि पाऊस बेताचा. वर्षाला सरासरी साधारण साडेपाचशे मिलिमीटर धरा. आता आपल्या जातीला आवडणारं गणित. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमची गच्ची 900 चौरस फूट, म्हणजे जवळपास 84 चौरस मीटर. 84 गुणिले 550 म्हणजे 46 हजार लिटर. उडून-सांडून जाईल ते सोडा, 80 टक्के धरा, तरी 37 हजार. दोघांना दिवसाला दीडशे लिटर लागतं, म्हणजे हे पाणी आठ महिने पुरेल! मी हे मोठ्या उत्साहाने फोनवर सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "अरे, पण ठेवणार कशात? हौद पाच हजाराचा आहे. तेहतीस दिवस." गणिताच्या मास्तरांशी गणितात हुशारी करू नये.

तरी त्यांनी ते केलंच. गच्चीचं पाणी पाइपने हौदात, मध्ये जाळी, आणि पहिल्या दोन-तीन पावसांचं घाण पाणी बाहेर सोडायला वेगळा कॉक. हौद भरला की उरलेलं पाणी बोअरच्या शेजारच्या खड्ड्यात. सगळं दोन पावसाळे घेऊन, हळूहळू.

तर झालं असं की, गेल्याच्या गेल्या मे महिन्यात बाबा जिन्याच्या टपावरची टाकी बघायला लोखंडी शिडीवर चढले आणि घसरले. मनगट मोडलं. नशीब की तेवढंच. मी रातोरात गाडी काढली. पुण्याहून सोलापूर अडीचशे किलोमीटर, पुढे चाळीस. त्या प्रवासात मी मनातल्या मनात एक यादी केली, आणि पोचल्यावर ती जाहीर केली. शिडी बंद. गच्ची बंद. झाडांना माळी येईल. मोटर आपोआप चालू-बंद होईल असं यंत्र बसेल. आणि हॉलमध्ये कॅमेरा.

बाबांनी वाद घातला नाही. मला वाटलं, पटलं त्यांना.

पुढचे चार महिने मी पुण्यात बसून मोबाइलवर बाबांना बघायचो. टीव्हीसमोर. सकाळी टीव्हीसमोर, दुपारी टीव्हीसमोर. प्लास्टर निघालं तरी टीव्हीसमोर. फोनवर बोलणं "बरं आहे" वर आलं. आधी ते मला हार्डवेअरच्या दुकानातल्या पाइपांचे भाव सांगून पिळायचे. आता मीच काहीतरी विचारत राहायचो. एक दिवस आई म्हणाली, "कॅमेऱ्यात दिसतात ना तुला? सुरक्षित आहेत बघ एकदम. फक्त उठत नाहीत."

त्या वाक्याने झोप उडाली, हे खरं. आपण सॉफ्टवेअरवाले एखादा प्रोग्रॅम वारंवार कोसळायला लागला की तो बंद ठेवत नाही. नेमक्या कुठल्या ओळीवर कोसळतो ते शोधतो. बाबांच्या दिवसभराच्या पन्नास कामांत घातक पायरी एकच होती, ती शिडी. मी मात्र पन्नासच्या पन्नास कामं बंद करून टाकली होती.

गणपतीत चार दिवस सुट्टी काढून गेलो. या वेळी यादी न करता गेलो आणि दोन दिवस नुसता बाबांच्या मागे फिरलो. टाकीवर ते का चढायचे? पाणी किती आहे बघायला आणि कॉक फिरवायला. मी बसवलेलं यंत्र विजेच्या चढउतारात दोन महिन्यांत बंद पडलं होतं. बाबांनी त्यावर काढलेला उपाय असा: टाकीत तरंगणारा रिकामा डबा, त्याला दोरी, दोरी कप्पीवरून खाली, आणि टोकाला दगड. टाकी भरली की दगड खाली येतो, रिकामी झाली की वर जातो. भिंतीवर रंगाने खुणा. अंगणात उभं राहून दिसतं. कॉकही प्लंबरकडून छातीच्या उंचीवर आणून घेतला. टाकी धुवायला वर्षातून दोनदा एक तरुण पोरगा येतो आणि बाबा खालून सूचना देतात. हे काम त्यांना मनापासून आवडतं. पोराला आवडतं का, ते विचारलेलं नाही.

इथपर्यंतची गोष्ट मी मित्रांना बऱ्याचदा सांगितली आहे. खरी गोष्ट पुढे आहे, आणि ती सांगायला जरा लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी सहज आईला म्हटलं, "बाबांचं झालं. आता तुझ्या कामातलं काय बदलायचं?" ती कुरडया निवडत होती. म्हणाली, "मोरीतली फरशी बघ जरा. दहा वर्षं झाली मी पाय रोवून चालतीय तिथं."

आमच्याकडे घराघरात शहाबादी असते. शहाबाद इथून रेल्वेच्या त्याच रुळावर पुढे. फरशी स्वस्त आणि टिकाऊ, पण सतत पाणी पडून गुळगुळीत झाली आणि शेवाळ धरलं की बर्फासारखी. आई त्या मोरीत दिवसातून वीस वेळा जाते. धुणं, भांडी, पाणी भरणं. बाबा शिडीवर महिन्यातून दोनदा चढायचे. धोका मोजायची साधी रीत सुद्धा मला माहीत आहे: पडायची शक्यता गुणिले किती वेळा. एवढं शिकून मी चार महिने कॅमेरा हॉलमध्ये लावून बसलो होतो.

आणि हे फक्त फरशीपुरतं नाही. बाबा रिटायर झाले तेव्हा शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. आईचं रिटायरमेंट कधी झालं? तिचं काम उलट वाढलं. एक माणूस दिवसभर घरी, त्याला दर दोन तासांनी चहा. शिवाय घर अक्कलकोटात. पुण्या-मुंबईचे सगळे नातेवाईक गुरुवारी दर्शनाला येतात आणि "जाता जाता" जेवायला येतात. गुरुपौर्णिमेला तर अंगणात सतरंज्या. आई एकदा हसत म्हणाली, "अन्नछत्राला निदान देणगी मिळते. मला कुणी पावतीसुद्धा फाडायला सांगत नाही." आम्ही सगळे खूप हसलो होतो. आता आठवलं की तेवढं हसू येत नाही.

बाबांच्या कामाला आम्ही प्रोजेक्ट म्हणतो, फोटो काढतो, ग्रुपवर टाकतो. ज्वारीत कडुनिंबाचा पाला घालून वर्षाचं धान्य भरणं, शेंगाची चटणी कुटणं, कडक भाकऱ्यांची थप्पी करून माझ्या बॅगेत भरणं, याला कोणी प्रोजेक्ट म्हटल्याचं मला आठवत नाही.

मोरीत खडबडीत टाइल्स बसल्या, भिंतीला धरायला दांडा बसला. दोन दिवसांचं काम. मग बाबांनी स्वतःहून (खरंच स्वतःहून) गुरुवारचा स्वयंपाक शिकायला घेतला. खिचडी आणि कढी, एवढंच येतं. प्रमाण वहीत लिहून ठेवलंय, ग्रॅममध्ये. पाहुणे कमी झालेत असं आईचं निरीक्षण आहे :-)

यावर लोक म्हणतील, एवढं सगळं करण्यापेक्षा दोघांना पुण्याला का आणत नाहीस? आणून बघितलंय. चौथ्या दिवशी बाबा गॅलरीत उभे राहून खालच्या वॉचमनचे नळ मोजत होते. उद्या खरंच मोठं आजारपण आलं, चोवीस तास कुणी लागलं, तर निर्णय वेगळा होईल हे मला कळतं. मोठ्या डॉक्टरसाठी सोलापूरच गाठावं लागतं, आणि रात्री दोन वाजता ते चाळीस किलोमीटर फार लांब असतात. ती भीती डोक्यातून जात नाही. पण त्या भीतीपोटी आजचा दिवस काढून घ्यायचा का, एवढाच प्रश्न आहे.

आणखी एक. हे सगळं जमतं कारण बाबांना पेन्शन आहे. 1 नोव्हेंबर 2005 नंतर नोकरीला लागले असते तर हिशेब वेगळा असता. शेजारचे शेतकरी काका बहात्तर वर्षांचे आहेत आणि त्यांना रिटायरमेंट हा शब्द टीव्हीतल्या जाहिरातीपुरताच माहीत आहे.

तर पुढच्या वेळी घरी जाताना नवीन यंत्र नेऊ नका, निदान पहिल्या दिवशी तरी. एक दिवस बाबांच्या मागे फिरा, एक दिवस आईच्या. जे काम घातक आहे त्याची फक्त घातक पायरी काढा, काम राहू द्या. आणि दोघांपैकी कोण रिटायर झालेलंच नाही, ते मोजा.

कॅमेरा आता अंगणात लावलाय. परवा मोबाइलवर बघितलं तर दगड खालच्या खुणेवर होता. टाकी भरलेली होती आणि अंगणात कोणीच नव्हतं. फोन केला. आई म्हणाली, "नंतर कर. आम्ही दोघं चहा पितोय, यांनी केलाय."