घोट्यावरची हजेरी



गोदीत कंटेनरच्या दाराला सील असतं. आता त्यात चिप आली आहे. सील तुटलं की साहेबाच्या हातातल्या यंत्रावर लगेच दिसतं, मग पंचनामा. मालाच्या बाबतीत ठीक आहे. मालाला आई नसते, मालाला लघवीला लागत नाही. पण हेच सील आता माणसाच्या पायाला यायला लागलंय. मी मॅट्रिक झालेला गोदी कामगार, पण एवढं मला कळतं की माणसाला सील ठोकणारा त्याला आधी माल समजून बसलेला असतो.

म्हणून हे संपादकीय घोट्याला बांधायच्या जीपीएस पट्ट्यावर. कवितेच्या अंकात हे कशाला, असं काही मित्र विचारतील. ज्यांच्या पायात तो पडणार आहे त्यांना तो आतून माहीत पाहिजे, म्हणून.

आधी भीती काढून टाकू. वस्तीत पोरं म्हणतात, वरून उपग्रह बघतो. खोटं आहे. उपग्रह आंधळा आहे. अमेरिकेच्या जीपीएसचे तीसेक उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर वर फिरतात. प्रत्येकात अणुघड्याळ. काम एकच: मी अमुक, मी इथे आहे, आत्ता इतके वाजले, असं रेडिओवर अख्ख्या जगाला ओरडून सांगायचं. पट्ट्यातलं यंत्र ही हाक ऐकतं आणि ती पोचायला किती वेळ लागला ते मोजतं. सेकंदाच्या पंधराव्या हिश्शाच्या आसपास. लहर सेकंदाला ३ लाख किलोमीटर धावते, त्यावरून अंतर निघतं. तीन उपग्रहांची अंतरं मिळाली की जागा सापडते. यंत्रातलं घड्याळ स्वस्तातलं, त्याची चूक काढायला चौथा उपग्रह लागतो. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक राहिली तरी माणूस ३०० मीटर सरकतो.

इथवर कुणी कुणाची चुगली केलेली नाही. चुगली पुढे होते. पट्ट्यात सिम असतं, आपल्या फोनमध्ये असतं तसंच. ते ठरल्या वेळाने जागा कंट्रोल रूमला कळवतं. तिथे नकाशावर गोल आखलेला. गोलाबाहेर पाय पडला की घंटा. पट्ट्याच्या आतून प्रकाश वाहणारी बारीक तार जाते. कात्री लागली, प्रकाश तुटला, की घंटा. बॅटरी संपली तरी घंटा. ती रोज तास-दोन तास चार्ज करायची, म्हणजे तेवढा वेळ माणूस भिंतीच्या प्लगला बांधलेला. ज्याच्या झोपडीत मीटरच नाही त्याने कुठे बसायचं?

आणि यंत्र चुकतं. मोकळ्या मैदानात ते चार-पाच मीटरपर्यंत बरोबर सांगतं. पण अरुंद गल्लीत लहरी भिंतींवर आपटून उशिरा पोचतात, पत्र्याखाली, स्लॅबखाली दबतात. यार्डात कंटेनरच्या थप्प्यांमध्ये उभा असलो की माझा फोन मला समुद्रात उभा दाखवतो. मी हसतो. पण घोट्याला पट्टा असता तर त्या समुद्राचा जबाब मला पोलीस ठाण्यात द्यावा लागला असता. बंगल्याच्या आवारात हे यंत्र शहाणं असतं. आपल्या गल्लीत ते खोटी साक्ष देतं.

म्हणजे बघा, आकाश कुणाची जात विचारत नाही. गोल कुणी आखला, पट्टा कुणाच्या पायात घातला, घंटा वाजल्यावर कोण धावलं, हे सगळं जमिनीवर ठरतं. जमीन कुणाची, हे आपल्याला सांगायला नको.

अमेरिकेत १९८३ साली आल्बुकर्कच्या जॅक लव्ह नावाच्या न्यायाधीशाने हा पट्टा पहिल्यांदा शिक्षा म्हणून बांधला. कल्पना सुचली स्पायडरमॅनच्या चित्रकथेतून! तेव्हा त्यात जीपीएस नव्हतं, घरच्या टेलिफोनला जोडलेला डबा माणूस घरात आहे का तेवढं सांगायचा. आज तिथे कितीतरी ठिकाणी पट्ट्याचं भाडं घालणाऱ्याकडूनच वसूल होतं. आपल्या बेडीचं भाडं आपण भरायचं! मिशेल अलेक्झांडर या काळ्या लेखिकेने २०१८ साली बजावलं, की वर्णद्वेषाचा जुना कायदा आता यंत्राच्या रूपात परत येतोय.

आपल्याला हे नवीन वाटायचं कारण नाही. पेशवाईत अस्पृश्याच्या मनगटाला किंवा गळ्यात काळा दोरा असायचा, सवर्णाने ओळखावं म्हणून. बाबासाहेबांनी १९३६ च्या त्या होऊ न दिलेल्या भाषणात हे लिहून ठेवलंय. इंग्रजाने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे तो आपल्या इलाख्यातही आला. पोर जन्मलं की गुन्हेगार. नाव नोंदवा, हजेरी द्या, गाव सोडायचं तर पास घ्या. सोलापुरात तारेचं कुंपण घातलं, त्या भागाला अजून सेटलमेंट म्हणतात. कायदा १९५२ साली गेला. हजेरीची सवय गेली नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये जम्मू-काश्मीर पोलिसांनी जामिनावर सुटलेल्या यूएपीएच्या आरोपीच्या घोट्याला पट्टा बांधला. त्याच वर्षी केंद्राने नमुना तुरुंग कायदा काढला, त्यात पट्टा घालायला तयार असलेल्या कैद्याला रजेची सोय आहे. आणि ज्यांनी कसलाच गुन्हा केला नाही त्यांचं काय? २०२० च्या आगेमागे नागपूर, पंचकुला, चंदीगडच्या सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं चढली. काळ्या दोऱ्याच्याच जागी!

आमच्या वस्तीतली एक मावशी झाडूखात्यात आहे. एक दिवस घड्याळ चार्ज नव्हतं, गैरहजेरी लागली. तिने मुकादमाला झाडलेली गल्ली दाखवली. तो म्हणाला, गल्ली नको दाखवू, मशीन काय म्हणतं ते बघ. मावशी मला म्हणाली, "बाबा, गल्ली साफ दिसतीय, मीच दिसना झाले त्यांला."

आता एक अवघड गोष्ट. तुरुंगात सडणाऱ्या पोराच्या आईला विचारा. ती म्हणेल, दोन्ही पायांत बांधा, पण सोडा. २०२२ अखेरच्या सरकारी आकड्यांत ५,७३,२२० कैदी होते, त्यातले ४,३४,३०२ कच्चे. गुन्हा सिद्ध व्हायचाय, आणि माणूस आत. लोकसंख्येत आपण सहामागे एक, तुरुंगात पाचामागे एक. त्या आईच्या तोंडावर पट्ट्याला नाही म्हणायची माझी हिंमत नाही. पण तिला एक प्रश्न शिकवला पाहिजे: साहेब, हा पट्टा तुरुंगाच्या बदल्यात, की जामिनाच्या वर? बदल्यात असेल तर किती दिवस, कोर्टाचा हुकूम कुठाय, माहिती कुणाकडे जाणार, भाडं कोण भरणार? वर असेल तर तो घालायचा नाही, भांडायचं. भांडायला हत्यार आहे. ८ जुलै २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की पोलिसांना आरोपीच्या हालचालींवर सतत नजर ठेवता येईल अशी जामिनाची अट घालता येत नाही. कलम २१ मोडतं. हा निकाल वस्तीतल्या प्रत्येक पोराला पाठ पाहिजे.

आणि झाडूवाल्याच्या मनगटावरच्या घड्याळाला कसली तडजोड नाही. तिथे ना कोर्ट, ना आरोप. ते उतरलंच पाहिजे. पाहिजे तर आधी कमिशनरच्या मनगटावर चढवा, बघू तो दुपारी कुठे असतो.

पुढच्या अंकासाठी ज्यांनी ते घड्याळ घातलंय, ज्यांनी ठाण्यात हजेरी दिलीय, त्यांनी लिहून पाठवावं. शुद्धलेखनाची काळजी करू नका. तुम्ही कुठे होता ते मशीनने सांगितलंय. तिथे काय करत होता, ते तुम्ही सांगा.

जय भीम.