जात्याभोवतीचा गोतावळा
भोर-वेल्ह्याच्या डोंगरात पूर्वी पहाटे जात्याची घरघर सुरू झाली की ओवीही सुरू व्हायची. एकाच खुंट्यावर समोरासमोर बसलेल्या दोघींचे हात असत. एकीने ओळ उचलायची, दुसरीने पुढे न्यायची. सासरचा जाच, माहेरची ओढ, भावाची वाट, पंढरीचा विठ्ठल, जे चारचौघांत बोलता येत नव्हते ते पीठ पडता पडता सांगून व्हायचे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांनी १९८०च्या दशकात पुणे जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात या ओव्या गोळा करायला घेतल्या. पुढे महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून लाखावर ओव्या जमल्या. एवढा मोठा सामूहिक काव्यसंग्रह मला आपल्या भाषेत दुसरा दिसत नाही, आणि तो रचणाऱ्या कितीतरी जणींनी शाळेचे तोंडही पाहिले नव्हते. गिरणी आली, कष्ट वाचले. ते वाचायलाच हवे होते. पण दोघींनी एकत्र बसायचे निमित्तही गेले. आता जाते फिरते ते लग्नात, हळद दळताना. तेव्हा एखादी आजी गळा मोकळा करते आणि लेकी-सुना भोवती गोळा होतात. गावोगावच्या बचत गटांनी बैठकीत हिशेब मिटला की अर्धा तास या आज्यांना द्यावा, आणि पोरींनी आपल्या आजच्या सुखदुःखाची ओवी त्यात जोडावी.