एका वर्गातील तीन इयत्ता

शाळा उघडते, नववीच्या वर्गात साठ मुले बसतात आणि इंग्रजीचे शिक्षक पाठ्यपुस्तकाचा पहिला धडा काढतात. पट एक, पुस्तक एक, वेळापत्रक एक. तेव्हा वर्गही एकच असणार, असे सर्वांनी गृहीत धरलेले असते. वस्तुतः त्या साठ मुलांत निदान तीन इयत्ता बसलेल्या असतात. काही मुले उतारा वाचून त्यातील आशय स्वतःच्या शब्दांत सांगू शकतात. काहींना वाक्य वाचता येते, परंतु त्याचा अर्थ उलगडत नाही. मागील बाकांवर अशीही मुले असतात, की जी फळ्यावरील वाक्य हुबेहूब वहीत उतरवतात, पण आपणच उतरवलेले त्यांना वाचता येत नाही. या सर्वांना एकच पाठ एकाच गतीने शिकवणे म्हणजे समान वागणूक, अशी आपली समजूत आहे. ही समानता केवळ हजेरीपटावरची आहे.

महाराष्ट्रात मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी शिकवण्याचा निर्णय २००० साली अमलात आला. त्यामुळे आज नववीत येणाऱ्या मुलाच्या पाठीशी इंग्रजीची आठ वर्षे असतात. आठ वर्षांनंतर चित्र काय दिसते? ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ अहवालासाठी २०२३ मध्ये देशातील २६ राज्यांतील २८ ग्रामीण जिल्ह्यांत १४ ते १८ वयोगटातील मुलामुलींची पाहणी झाली. त्यांतील ५७.३ टक्क्यांना इंग्रजी वाक्ये वाचता आली आणि ज्यांना ती वाचता आली त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांशांना अर्थ सांगता आला. म्हणजे समजून वाचणारे शंभरात बेचाळीसच्या आसपास. याच पाहणीत सुमारे चौथा हिस्सा मुलांना आपल्या प्रादेशिक भाषेतील दुसरीच्या पातळीचा मजकूरही सफाईने वाचता आला नाही. हे आकडे एकट्या महाराष्ट्राचे नाहीत. परंतु आपल्या कोणत्याही माध्यमिक शिक्षकाला ते परके वाटतील असेही नाही.

कायद्याने या प्रश्नाकडे डोळेझाक केलेली नाही. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या २४ व्या कलमात, प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पारखून गरजेप्रमाणे त्याला जादा शिक्षण देणे हे शिक्षकाचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. आठवीपर्यंत कोणालाही मागे ठेवू नये, ही याच कायद्यातील तरतूद गाजली. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीपुरती ती शिथिल करण्याची मुभाही राज्यांना मिळाली. नापास करावे की करू नये, यावर आपण वर्षानुवर्षे हिरिरीने वाद घातला. जादा शिक्षण वर्गात नेमके कसे द्यावयाचे, याची चर्चा मात्र क्वचितच झाली. मुलाला वर ढकलल्याने त्याला इंग्रजी येत नाही आणि खाली ठेवल्यानेही येत नाही. ज्या पायरीवर तो उभा आहे तेथून शिकवल्यानेच ते येते, ही साधी गोष्ट या वादात हरवली.

यावरचा उपाय म्हणजे पाठाचे स्तरनिहाय नियोजन. शब्द जड असला तरी कल्पना जड नाही. समजा, आठवडी बाजारावरील पंधरा ओळींचा एक उतारा आहे आणि तासिका पस्तीस मिनिटांची आहे. पहिली दहा मिनिटे सर्वांची: शिक्षकांनी उतारा वाचावा, बाजाराचे वर्णन मुलांकडून मराठीतूनच बोलते करावे, आणि त्यातून निघालेले आठ-दहा इंग्रजी शब्द फळ्यावर लिहावेत. पुढील पंधरा मिनिटे गटांची. पहिल्या गटाने ते शब्द अक्षरांच्या उच्चारांसह वाचावेत, उताऱ्यातील तीन वाक्यांवर बोट ठेवून ती वाचावीत आणि प्रत्येक वाक्यात एक शब्द बदलून नवे वाक्य लिहावे. दुसऱ्या गटाने जोडीजोडीने कोण, कोठे, केव्हा आणि का या प्रश्नांची उत्तरे शोधून त्यांची सलग पाच वाक्ये करावीत. तिसऱ्याने बाजारात पिण्याच्या पाण्याची सोय करावी, असे ग्रामपंचायतीला पत्र लिहावे. शिक्षकांनी या वेळात पहिल्या गटाजवळ बसावे, कारण त्यालाच त्यांची सर्वाधिक गरज असते. शेवटच्या दहा मिनिटांत वर्ग पुन्हा एक व्हावा: पहिल्या गटाने आपले वाक्य वाचावे, दुसऱ्याने त्यावर प्रश्न विचारावा, तिसऱ्याने उत्तर द्यावे. धडा सर्वांचा एकच राहतो. फरक पडतो तो इतकाच, की तासभर गप्प बसून राहण्याचा प्रसंग कोणावरही येत नाही.

हे नवे नाही, आमच्या वेळी अ, ब, क, ड अशा तुकड्या होत्याच, असे काही ज्येष्ठ शिक्षक म्हणतील. या दोहोंतील भेद मोठा आहे. गुणांवर पाडलेल्या तुकडीत मूल वर्षभर, सर्व विषयांसाठी अडकते. ‘ड’ तुकडीचा शिक्का त्याच्या घरापर्यंत पोहोचतो आणि बहुधा शिक्षकांच्या अपेक्षाही त्या अक्षराबरोबरच खाली येतात. येथे अभिप्रेत असलेला गट एका विषयातील एका कौशल्यापुरता आणि काही आठवड्यांपुरता आहे. वाचनात मागे असलेला मुलगा बोलण्यात पुढच्या गटात असू शकतो. दर महिन्याला पाच मिनिटांचे वाचन ऐकून गट बदलले नाहीत, तर मात्र जुनी ‘ड’ तुकडीच नव्या नावाने परत येईल, हा धोका ओळखून असले पाहिजे.

या पद्धतीला अनुभवाचा आधारही आहे. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदरा येथील पालिका शाळांत ‘बालसखी’ उपक्रम राबवला गेला. मागे पडलेल्या मुलांचे लहान गट करून वस्तीतीलच तरुणी त्यांना दररोज त्यांच्या पातळीवरून शिकवीत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे मोजमाप केले तेव्हा मुलांच्या गुणांत स्पष्ट वाढ दिसली आणि सर्वाधिक लाभ तळाच्या मुलांना झाल्याचे आढळले. या दोघांना २०१९ मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. ‘बालसखी’चा अनुभव प्राथमिक शाळेचा आणि लेखन, वाचन, गणित या मूलभूत कौशल्यांचा आहे, माध्यमिक शाळेतील इंग्रजीला तो जसाच्या तसा लागू होणार नाही. तथापि अभ्यासक्रमाची पातळी न पाहता मुलाची पातळी पाहून सुरुवात करावी, हे त्यातील तत्त्व कोणत्याही विषयाला लागू आहे.

खरा आक्षेप वेळेचा आणि परीक्षेचा. तीन गटांसाठी रोज तीन टाचणे कोणी लिहावयाची? हा प्रश्न रास्त आहे. परंतु रोज असे नियोजन करण्याची गरज नाही. आठवड्यातून दोन तासिका पुरेत, आणि एकदा तयार केलेला पाठ पुढील वर्षीही उपयोगी पडतो. परीक्षेचे म्हणाल, तर दहावीच्या प्रश्नपत्रिकेत उताऱ्याखालील प्रश्न साध्या माहितीपासून शब्दसंग्रह, व्याकरण आणि स्वतःच्या मतापर्यंत पायरीपायरीने चढत जातात. जी शिडी परीक्षेत आहे ती वर्गात आणणे, इतकेच येथे सुचवायचे आहे.

तरीही हा सारा भार शिक्षकांच्या सद्भावनेवर टाकून शासनाला मोकळे होता येणार नाही. ज्या कायद्याने शिक्षकावर हे कर्तव्य टाकले त्याच कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामे त्याच्यावर लादण्यास मनाई केली आहे. हे दुसरे कलमही पहिल्याइतक्याच कसोशीने पाळले गेले पाहिजे. तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांनी टाचणवहीची पाने मोजण्याऐवजी शेवटच्या बाकावरील मुलाला दोन ओळी वाचावयास सांगावे. शाळा समूहातील चार-पाच इंग्रजी शिक्षकांनी धडे वाटून घेऊन तिहेरी कार्ये तयार करावीत, आणि त्यासाठी त्यांना महिन्यातून अर्धा दिवस अधिकृतपणे मिळावा. यास फार मोठा खर्च लागत नाही.

ज्यांना परवडते त्यांनी आपली मुले इंग्रजी माध्यमाकडे वळवली आहेत, किंवा मराठी शाळेत ठेवूनही शिकवणीची सोय केली आहे. मागे राहिलेल्या मुलांपैकी बहुतेकांना जे इंग्रजी मिळावयाचे ते शाळेच्या त्या पस्तीस मिनिटांतच. दहावीनंतर तंत्रनिकेतनातील पुस्तक असो, नोकरीचा अर्ज असो वा स्पर्धा परीक्षेतील उतारा असो, ती भाषा त्यांना पुन्हा आडवी येते; आणि दहा वर्षे इंग्रजी शिकूनही आपल्याला येत नाही, तेव्हा दोष आपल्या बुद्धीचाच, असा निष्कर्ष ती मुले निमूटपणे काढतात. हा निष्कर्ष चुकीचा आहे, हे त्यांना सांगण्याची जागा वर्ग हीच आहे, आणि त्याची सुरुवात त्यांना वाचता येईल अशा पहिल्या वाक्यापासून करावी लागेल.