मेल गेला कुठे?

शनिवारी रात्री मेडिक्लेमवाल्यांना फोन लावला. बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा क्लेम अडकला होता. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, ‘मॅडम, आम्ही गुरुवारीच मेल केलाय. डिस्चार्ज समरी उद्यापर्यंत हवी.’ बोरिवलीत घरी लॅपटॉप उघडला. इनबॉक्स कोरा. स्पॅम बघितलं, ट्रॅश बघितलं, वेबमेलवर जाऊन बघितलं. छे!

मग ट्यूब पेटली. साकीनाक्याला मी भाड्याने टेबल घेतलंय, तिथला माझा डेस्कटॉप चोवीस तास चालू असतो. मेल त्याने गिळला होता. रविवारी वेस्टर्नवर ब्लॉक, म्हणून मागाठाण्याहून मेट्रो, गुंदवलीला उतरून दुसरी मेट्रो, मग वॉचमनकाकांची मनधरणी. मेल तिथे ऐटीत बसलेला! समरी पाठवली. घरी येऊन लॅपटॉपवर ‘सेंट’ उघडलं, तर माझं उत्तरही गायब.

गुन्हेगार होतं सेटिंग. माझ्या स्वतःच्या डोमेनचा आयडी दोन्हीकडे ‘पॉप’वर टाकलेला. पॉप म्हणजे पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल, जन्म १९८४ चा. पोस्टाच्या पेटीतली पत्रं जो आधी येईल तो उचलून घरी नेणार आणि पेटी रिकामी. सर्व्हरवर कॉपी ठेवायची खूण केलेली नसेल, तर दुसऱ्याच्या वाट्याला काही नाही. पाठवलेला मेलसुद्धा ज्या मशीनवरून पाठवला तिथेच राहतो. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सर्वसामान्यांना इंटरनेट दिलं, त्या डायल-अपच्या काळात हे शहाणपणाचंच होतं. लाइन जोडा, मेल खेचा, लाइन तोडा, मग सावकाश वाचा. फोनचं बिल वाचायचं, आणि घरात कम्प्युटर एकच, मग भांडण कुणाशी?

आपल्यासारख्या दोन मशीनवाल्यांसाठी ‘आयमॅप’ बरा. मार्क क्रिस्पिन यांनी तो १९८६ मध्ये स्टॅनफर्डला तयार केला. यात मेल सर्व्हरवरच राहतो. वाचलेला, पाठवलेला, फोल्डरमध्ये टाकलेला, दोन्हीकडे सारखाच दिसतो. अर्थात लॅपटॉपवर डिलीट केलात तर डेस्कटॉपवरूनही जाणार, तेव्हा हात जरा आवरा.

बदल करताना एक घोळ मात्र टाळा. आउटलुकमध्ये जुन्या पॉप अकाउंटचाच आयमॅप करता येत नाही, नवं अकाउंट जोडावं लागतं. जुनं लगेच उडवू नका हं! त्यातले मेल आधी नव्यात कॉपी करा. सर्व्हरवर जागा किती आहे तेही बघून घ्या, नाहीतर निम्म्यात गाडी अडते. आणि पॉपच ठेवायचा असेल तर दोन्ही मशीनवर ‘सर्व्हरवर कॉपी ठेवा’ला टिक करा. त्याच्याच खाली अमुक दिवसांनी काढून टाका असा पर्याय दडलेला असतो, तोही बघा. मी बघितला नव्हता.

माझे तीन वर्षांचे मेल वर चढायला अख्खी संध्याकाळ गेली. क्लेमचं उत्तर अजून आलेलं नाही. बाबा रोज विचारतात, ‘तुझ्या कुठल्या कम्प्युटरवर येणारे गं?’