इशारा कपाटात, माणसे गारठ्यात

वादळाची आगाऊ वर्दी मिळाली की माणसे वाचतात, असे आपण धरून चालतो. अमेरिकेतील टेक्सास राज्याची हकीकत निराळेच सांगते. फेब्रुवारी २०२१ मध्ये उत्तर ध्रुवाकडील गारठा आणि बर्फ येणार, हे हवामान खात्याने काही दिवस आधीच सांगितले होते. १६ तारखेला डॅलसमध्ये पारा उणे १९ अंश सेल्सिअसवर उतरला. वीजकेंद्रे गोठून बंद पडली. ४५ लाखांवर घरांची वीज गेली. सरकारी मोजणीनुसार २४६ माणसे दगावली, त्यांतली बहुतेक थंडीने!

मग हा निसर्गाचा कोप म्हणायचा? मला ते पटत नाही. २०११ च्या थंडीतही तेथे वीज गेली होती. वीजकेंद्रांना थंडीपासून जपा, असे त्याच वर्षी केंद्रीय अहवालाने बजावले होते. परंतु सक्ती नव्हती. सक्तीचा कायदा झाला तो २०२१ मध्ये, माणसे गेल्यावर!

मित्रहो, आमच्या घरात अहवाल वाचता येणारा मी पहिलाच. म्हणूनच वाटते, इशारा देणे शास्त्रज्ञांचे काम, तो अमलात आणणे राज्यकर्त्यांचे. आणि कपाटातला अहवाल बाहेर काढून जाब विचारणे आपणा शिकणाऱ्यांचे.